बोटांना पाठ असलेला पासवर्ड

मे महिन्यातली दुपार, लातुरात लाइट गेलेली, आणि औशाहून गुरुजींचा फोन. "अरे, मशीन चालूच होईना गेलंय. पासवर्ड बरोबर टाकायलोय मी, ते चूकच म्हणायलंय."

गुरुजी निवृत्त शिक्षक आहेत, मोडी वाचतात. लोक जमिनीचे जुने कागद आणून देतात, ते स्कॅन करून बाळबोधीत उतरवतात. दुसऱ्यांचे कागद आपल्या लॅपटॉपवर राहणार, म्हणून डिस्क एन्क्रिप्ट करून दे, म्हणजे पासवर्डशिवाय कुणाला वाचता येणार नाही, हा आग्रह त्यांचाच. मी डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाकून ल्युक्सनं, म्हणजे लिनक्समधल्या एन्क्रिप्ट करायच्या सोयीनं, डिस्क बंद करून दिली आणि माझी स्क्रिप्टही, म्हणजे छोटा प्रोग्राम, बसवली.

ही स्क्रिप्ट म्हणजे फार काही नाही. मशीन सुरू होताना एकदाच पासवर्ड विचारते आणि त्यावर सिस्टिमची आणि डेटाची अशा दोन्ही डिस्क उघडते. (यासाठी डेबियनमध्ये तयार स्क्रिप्ट आधीपासूनच आहे हे मला फार उशिरा कळलं. तोवर माझी चार लोकांच्या मशीनवर गेलेली होती, आणि एकदा गेली की सांभाळावीच लागते.) ती चालते इनिटरामएफएसमध्ये, म्हणजे खरी सिस्टिम उघडायच्या आधी चालणाऱ्या छोट्या तात्पुरत्या सिस्टिममध्ये. जुन्या वाड्याची ढाळज जशी, तशी ही जागा: दिंडीतून आत आलात, पण घर अजून बंद. इथं डेस्कटॉप नाही, तुमच्या सेटिंग नाहीत, मराठी अक्षरं नाहीत. संदेश मराठीत दाखवायची मला फार हौस होती, नुसते चौकोन उमटले.

फोनवर मी नेहमीचे प्रश्न विचारले. कॅप्स लॉक? नाही. पासवर्ड बदललात? "हां, आठ दिवस झाले. तूच म्हणलास ना, सोपा नको." मग आठ दिवस चाललं कसं? तर गुरुजी मशीन बंद करतच नाहीत, झाकण लावून ठेवतात. बॅटरी मेलेली. आज लाइट गेली तेव्हा मशीन आठ दिवसांत पहिल्यांदा खरोखर बंद पडली. "आणि मराठीत ठेवलाय मी," ते जरा अभिमानानंच म्हणाले.

मला तिथंच कळलं. एसटी पकडली. लातूर ते औसा वीसेक किलोमीटर, तेवढ्या वेळात एक मोह मनात घोळत होता, त्याबद्दल पुढे.

खरा पासवर्ड सांगत नाही, समजा तो 'लातूर' होता. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डच्या मांडणीत ल, काना, त, दीर्घ ऊकार, र या कळा म्हणजे इंग्रजी कीबोर्डवरच्या एन, ई, एल, टी, जे. डेस्कटॉपवर इनस्क्रिप्ट चालू असताना या पाच कळा दाबल्या की यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत प्रत्येकी तीन, असे पंधरा बाइट तयार होतात. ढाळजेत मात्र कीबोर्ड अमेरिकन. त्याच पाच कळा, तीच बोटं, आणि पुढे जातात पाचच बाइट. ल्युक्सची डिस्क उघडणाऱ्या क्रिप्टसेटअप या प्रोग्रामला अक्षरं कळत नाहीत, फक्त बाइट. गुरुजी खरंच बरोबर टाकत होते.

मराठीत याहून खोल खड्डा आहे. 'दुसऱ्या' मधला ऱ एका संकेतांकात (अक्षराला कॉम्प्युटरमध्ये दिलेल्या नंबरात) बसतो, किंवा र आणि खालचा नुक्ता असा दोन संकेतांकांतही. पडद्यावर काडीचा फरक नाही. पहिला तीन बाइटचा, दुसरा सहा बाइटचा, आणि डिस्कच्या लेखी ते दोन निराळे पासवर्ड.

तर एसटीतला मोह असा की स्क्रिप्टनंच शहाणं व्हावं. आलेल्या कळा इनस्क्रिप्टमध्ये बदलून आणखी एक प्रयत्न करावा. दहा ओळींचं काम. पण असला शहाणपणा मी एकदा करून बसलोय. काहीजण पासवर्डची फाइल इको कमांडनं बनवायचे, शेवटी न दिसणारी नवी ओळ यायची, आणि स्क्रिप्टनं दिलेली ती नवी ओळही पासवर्डचा भाग धरली जाते. तक्रारी आल्या म्हणून मी शेवटची सगळी मोकळी जागा कापून टाकली. दुसऱ्या दिवशी परभणीहून फोन: पासवर्डच्या शेवटी मुद्दाम स्पेस ठेवणारा एक भला माणूस बाहेर अडकला होता. त्याला ग्रबच्या, म्हणजे मशीन सुरू होताना येणाऱ्या, मेनूतून जुना कर्नल (सिस्टिमचा गाभा) निवडायला लावला. अपडेटनं फक्त नव्या कर्नलचीच इनिटरामएफएस बदलली होती, जुन्यात माझी जुनी, अडाणी स्क्रिप्ट शाबूत होती. मशीन उघडली. तेव्हापासून स्क्रिप्ट आलेले बाइट जसेच्या तसे पुढे सोडते, कानामात्रा न बदलता.

औशात पोचलो तेव्हा लाइट होतीच. लाइव्ह पेनड्राइव्हवरून मशीन सुरू केली, कीबोर्डमध्ये इनस्क्रिप्ट जोडला आणि गुरुजींना मराठी पासवर्ड टाकायला सांगितलं. डिस्क उघडली. ल्युक्सच्या दुसऱ्या आवृत्तीत एका डिस्कला बत्तीस किल्ल्या, म्हणजे वेगवेगळे पासवर्ड, लावता येतात, पहिलीत आठ. मी कीबोर्ड इंग्रजीवर आणला आणि म्हणालो, आता दुसरी किल्ली करू, तेच टाका. "इंग्रजीत काय टाकू?" काही नाही, बोटं जातात तशी जाऊ द्या. दोनदा टाकलं, जुळलं. मग डेटाच्या डिस्कलाही तसंच.

"हे आपोआपच उघडलं तर?" त्यांनी विचारलं. लाइट जाणाऱ्या गावात हे सगळेच विचारतात. किल्ली त्याच मशीनमध्ये उघडी ठेवायची म्हणजे कुलूप लावून किल्ली उंबऱ्यावर ठेवण्यासारखं. नको म्हणाले.

पेनड्राइव्ह काढून मशीन पुन्हा सुरू केली. गुरुजींनी कीबोर्डकडे न बघता टाइप केलं. बरोबर की चूक हे कळायला ल्युक्स मुद्दामच दोनेक सेकंद घेतं, चोराला प्रत्येक अंदाज महाग पडावा म्हणून. आम्ही दोघं श्वास धरून. डेस्कटॉप आला.

चहा घेताना म्हणाले, "मोडी पण आलीय म्हणे कॉम्प्युटरमध्ये. मोडीत ठेवता येईल का रे पासवर्ड?" आलीय, 2014 पासून युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांच्या संकेतांकांच्या यादीत, आहे, अक्षरागणिक चार बाइट. मी ते काही बोललो नाही. पाचची एसटी आहे म्हणालो आणि उठलो.