तुम्ही विचारलंत म्हणून: दोनदा केलं तर नाही का भागत?

लग्नात, बाराव्याला, एसटीत, कुठंही भेटा, डाव्या हाताची ती फुगलेली शीर बघितली की पुढचा प्रश्न ठरलेला. "आठवड्यातून तीनदा डायलिसिस? दोनदा केलं तर नाही का भागत?" परवा चुलत मेव्हण्यांनीही विचारलं. मी नुसता हसलो, पण घरी आल्यावर वाटलं एकदा नीट सांगून टाकावं, कारण विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, त्याला आपली ये-जा आणि खर्च दिसतो एवढंच.

तर भागवलं होतं मी. पहिलं सव्वा वर्ष दोनदाच. डॉक्टर तीनदा म्हणत होते पण तेव्हा खाजगीत जायचो, पैसे खिशातले, वर साताऱ्यापर्यंतचं गाडीभाडं, आणि सोबत यायचं म्हणून बायकोचं शिवणकाम बुडायचं ते वेगळंच. सोमवार आणि गुरुवार घेतला. म्हणजे मधे एकदा तीन दिवसांचं अंतर आणि एकदा चार दिवसांचं. सोमवारी मशीनवर बसायच्या आधी तोंड सुजलेलं, मोजा काढला की घोट्यावर खळगा, जेवणावर वासना नाही. मला वाटायचं किडनी गेली म्हणजे असंच असणार. मग एका रविवारी रात्री तीन उशा लावूनही झोपता येईना, आडवं झालं की गुदमरायचं, खिडकीत बसून श्वास घेत होतो, शेवटी दोन वाजता शेजाऱ्याच्या जीपमधून नेलं. फुप्फुसात पाणी. ऑक्सिजन लावून रातोरात डायलिसिस केलं. त्या एका रात्रीत किती गेले ते बायकोनं वहीत लिहून ठेवलंय, वाचवलेल्या पैशांच्या पानासमोरच.

आता हिशोब बघा. तुमची किडनी आठवड्याचे १६८ तास चालू असते. मी तीनदा चार-चार तास बसतो, म्हणजे १२ तास. दोनदा बसलो तर ८. बाकीच्या वेळात पाणी, पोटॅशियम, फॉस्फरस सगळं अंगातच साठतं, आणि साठलेलं चार तासांत ओढून काढायचं म्हटलं की शरीर कुरकुरतंच. माझं ड्राय वेट ५८ किलो, म्हणजे जास्तीचं पाणी काढल्यावरचं वजन. आमचे टेक्निशियन सांगतात की किलोमागे तासाला १३ मिलीच्या वर पाणी ओढू नये, त्याच्या वर गेलं की हृदयाला भारी पडतं. म्हणजे माझ्यासाठी तासाला साडेसातशे मिली, चार तासांत तीन लिटर, बास. चार दिवसांत मी साडेचार किलो वाढवून जायचो! मग ओढताना बीपी पडायचा, पोटऱ्यांत असे गोळे यायचे की ओरडायचो, कधी मशीन लवकर बंद करावं लागायचं आणि अर्धं पाणी अंगात घेऊनच घरी यायचो.

आता सोमवार-बुधवार-शुक्रवार असतो, सकाळची पहिली शिफ्ट, जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात योजनेतून, म्हणून परवडतं. तरी शुक्रवार ते सोमवार मोठा गॅप राहतोच. का, तर आठवड्याचे सहा दिवस दोन बॅचमध्ये वाटले आणि रविवारी सुट्टी, यात वैद्यकशास्त्र काही नाही. अमेरिकेत ३२ हजारांवर पेशंटचा अभ्यास २०११ साली छापून आला होता, सगळे तीनदा करणारे, त्यात या मोठ्या गॅपनंतरच्या दिवशी मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं, १०० पेशंटमागे वर्षाला २२.१ च्या हिशोबानं, बाकीच्या दिवशी १८. हार्ट अटॅकनं दवाखान्यात भरती व्हायचं प्रमाणही तसंच वाढलेलं. हे वाचल्यापासून रविवारी माझा तांब्या वेगळा, खुणेपर्यंत भरलेला, तो संपला की संपला. आणि पाहुणे नेमके रविवारी येतात, येताना आजारी माणसाला म्हणून शहाळी आणतात! बाबांनो, शहाळ्यात पोटॅशियम असतं, आम्हाला ते जास्त झालं की हृदय बंद पडू शकतं. केळी पण नकोत. फुलं आणा.

कुणाला दोनदा चालतच नाही असंही नाही. ज्यांना अजून बऱ्यापैकी लघवी होते त्यांना डॉक्टर सुरुवातीला दोनदावर ठेवतात, पण ते लघवी मोजून, रिपोर्ट बघून, आपल्या मनानं नाही. आणि उलट टोकाला आठवड्यातून सहादा करून बघितलेला अभ्यासही आहे, २०१० चा, त्यात हृदय आणि बीपी सुधारले, पण फिस्टुलाच्या, म्हणजे सुया टोचायला हातात जोडून केलेल्या त्या फुगलेल्या शिरेच्या, दुरुस्त्या वाढल्या. सहा दिवस सुया टोचायच्या म्हटलं तर माझा तरी हात नाही वर होणार.

दोनदाचा आणि तीनदाचा फरक मला विचाराल तर रिपोर्टच्या आधी जिन्यावर कळला. पूर्वी वर जाताना दोनदा थांबायचो.

आज रविवारच आहे. संध्याकाळी काट्यावर ६०.३ आलं, चालेल, उद्या सहाची गाडी. मेव्हणे येऊन गेले, दोन शहाळी ठेवून गेलेत ओट्यावर, एक बायकोनं प्यायलं, एक पोरगी फोडतीये.