गाळातलं बिऱ्हाड

समुद्रतळाचे दोन नमुने, पाण्याच्या एकाच खोलीवरचे, मध्ये जेमतेम पाच मिनिटांचं बोटीचं अंतर. कुठे कोणते शिंपले हे खोलीवरूनच ठरतं असं धरून नकाशा काढणाऱ्यांनी तो दिवस डेकवर काढायला हवा होता, असं मला अजूनही वाटतं.

पहिला ग्रॅब, म्हणजे तळाचा घास उचलून आणणारा लोखंडी जबडा, स्वच्छ वाळूने भरलेला. अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून वाळू भराभर खाली गेली आणि वर जाड कवचाचे शिंपले उरले. ते पाणी गाळून त्यातलं अन्न खाणारे. एका रिकाम्या शिंपल्याला बाहेरून रुंद, आत निमुळतं होत गेलेलं गोल भोक होतं. नॅटिसिड या शिकारी समुद्री गोगलगाईची ही सही. वाळूत दडलेला शिंपला ती शोधते आणि कवच कोरून खाते.

दुसरा ग्रॅब उघडला तर नुसता काळा चिखल, कुजक्या अंड्यासारख्या वासाचा. चाळणी सारखी तुंबत होती, पाण्याचा पाइप धरून कंबर मोडली. जिवंत शिंपले म्हणावेत तर फक्त काही मिलिमीटरचे न्यूक्युला जातीचे, आतून मोत्यासारखे चकाकणारे. ते गाळातलंच सेंद्रिय अन्न खातात. वाळूतले गाळणारे शिंपले इथे का नसावेत? रोड्स आणि यंग या संशोधकांनी 1970 मध्ये मांडलं की गाळ खाणारे प्राणी वरचा थर इतका ढवळतात की उडालेल्या कणांनी गाळणाऱ्यांचे कल्ले तुंबतात, नुकती टेकलेली पिल्लं गाडली जातात. सगळीकडे हे लागू पडत नाही, हे नंतर दिसलं. पण त्या तुंबलेल्या चाळणीसमोर उभं राहून मला ते चटकन पटलं.

तेवढ्यात चाळणीवरचा खलाशी म्हणाला, "मॅडम, हे खडकावरचं ना? इथे कसं आलं?"

कालवाच्या जुन्या, करड्या पडलेल्या कवचाला एक जिवंत कायटन चिकटला होता, शिंपल्यांच्याच गोतातला, खडकाला चिकटून राहणारा प्राणी. नखाएवढा, पाठीवर आठ पट्ट्या. बोट लावलं तसा आणखी घट्ट बसला. मऊ गाळात त्याला पाय रोवायला जागा नाही. एवढं एक कवच मिळालं आणि त्याचं भागलं.

मला जास्त गुंतवलं ते कवचाने. कालवालाही बसायला टणक आधार लागतो, म्हणजे या चिखलात ते वाढलं नसणार. लाटांनी लांबून आणलं म्हणावं, तर कडा झिजलेल्या नव्हत्या आणि त्याच ग्रॅबमध्ये तशी आणखी कवचं होती. इथला तळ पूर्वी टणक असावा आणि गाळ मागाहून साचला असावा. कधी, ते कार्बन-कालमापनाशिवाय सांगता येत नाही. उथळ समुद्रतळावरची वरवर दिसणारी कवचंही कधी कधी हजारो वर्षांची निघतात.

संध्याकाळी सहकाऱ्याने सुचवलं, हा कायटन विश्लेषणातून वगळू, उगाच आकडे बिघडवेल. मी साफ नकार दिला. थोडी वादावादी झाली. शेवटी जिवंत आणि मृत कवचांच्या याद्या वेगळ्या केल्या आणि तक्त्यात 'कशावर सापडला' हा नवा रकाना घातला.