सव्वाआठची आरती

रविवार, रात्र

एकदाचं ठरलं. यंदा आमच्या इंदूरच्या मंडळाच्या गणपतीची संध्याकाळची आरती साडेसातला नाही, सव्वाआठला. पाऊण तास पुढे ढकलायला आज दोन तास वाद घातला, चहा दोनदा झाला.

साडेसात ही पेन्शनीत निघालेल्यांची वेळ. बँकेचं शटर चारला अर्धं उतरतं आणि लोकांना वाटतं, आम्ही घरी गेलो. खरं तर कॅश जुळवणं, व्हाउचर, फोन हे सगळं त्यानंतरच. मग विजयनगरहून सुदामानगर, मध्ये पलासियाचा सिग्नल. चपला काढते तेव्हा साडेसात होतातच, धाकट्याला भूक आणि लेकीला उद्याच्या प्रोजेक्टसाठी आत्ताच चार्टपेपर हवा असतो. धावत मांडवात जावं तर मंत्रपुष्पांजली चाललेली. वर कोणीतरी म्हणणार, ‘सूनबाई, आजकाल दिसत नाही!’ प्रसादाचे डबे कोणाकडून किती यायचे, मुलांची नाटुकली कधी, मांडववाल्याला ॲडव्हान्स दिला का, ही सगळी यादी माझ्याच मोबाइलमध्ये आहे, हे त्यांना ठाऊक असतं. तरी म्हणतात.

आणि तो प्रश्न, ‘नोकरी सांभाळून समाजासाठी वेळ कसा काढतेस गं?’ ह्यांना कोणी विचारत नाही. तेही नोकरी करतात, तेही मंडळात आहेत.

मी आज सानंदचा, म्हणजे इथल्या मराठी नाटकं आणणाऱ्या संस्थेचा, दाखला दिला. त्यांच्याकडे एकाच नाटकाचे प्रयोग शनिवार-रविवार वेगवेगळ्या दर्शक गटांसाठी होतात, म्हणून तर दोन पिढ्या नाटकाला टिकल्या. आपण एक आरती हलवू शकत नाही? जुने सचिव काका तापले. ‘आरती म्हणजे नाटक नव्हे,’ म्हणाले. बरोबरच आहे त्यांचं, पण मुद्दा तो नव्हता.

बाजी फिरवली ती सासऱ्यांनी. बाबा हुकुमचंद मिलमध्ये होते, 1991 मध्ये ती बंद पडेपर्यंत. सभेत एरवी ते डुलक्या काढतात. आज म्हणाले, ‘आम्ही भोंग्यावर जगलो. पाळी बदलली की घरातलं जेवण बदलायचं, झोप बदलायची. देवालाही चालेल.’ त्यापुढे कोणी बोललंच नाही. मला घरी ते असं कधी काही म्हणाले नव्हते.

महाप्रसाद स्टीलच्या ताटांत, हे मात्र चुटकीसरशी पास. 2017 मध्ये शहराचा स्वच्छतेत पहिला नंबर आला तेव्हापासून इंदुरात डिस्पोजेबलची बाजू घ्यायची कोणाची टाप नाही. मग मी विचारलं, ताटं घासणार कोण? एकदम शांतता. बायकांच्या माना आपोआप हलायला लागल्या होत्या, तेवढ्यात मी यादीत आठ पुरुषांची नावं लिहून टाकली, पहिलं ह्यांचं. हसले सगळे. हे जरा कमी हसले.

आठवडा दमवणार आहे. श्रावण वद्य चतुर्दशीला अहिल्याबाईंची पालखी, लेक तिच्या शाळेबरोबर त्यात चालणार, आणि तिथून पाचव्या दिवशी गणपती. बँकेतल्या हिंदी मैत्रिणींच्या पंचांगात महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून तेव्हा भादो, म्हणजे भाद्रपद, चालू असतो, त्यांचा सावन आमच्या पंधरा दिवस आधीच संपलेला. दरवर्षी डब्यात साबुदाणा बघून कोणीतरी विचारतंच, ‘तुम्हारा सावन अभी चल रहा है?’ मी मान हलवते आणि खिचडी पुढे करते.

परतताना लेक स्कूटरवर मागून म्हणाली, ‘आई, तू घरी पण मीटिंगसारखीच बोलते.’ बोलते, नाही, बोलतेस, हे ओठांवर आलं होतं, गिळलं. तिचं म्हणणं खोटं नाही. तिला आणि धाकट्याला आज सभेत बरोबर नेलं होतं, कोपऱ्यात बसून दोघांनी पताका कापल्या. धाकटा कात्री धरूनच झोपला. पुढच्या सभेलाही नेणार, आणि बाकीच्या आयांनाही सांगितलंय की मुलांना घेऊनच या.

सचिव काका मात्र निरोप न घेता निघून गेले. भांडारघराची किल्ली त्यांच्याकडेच आहे, समया, चौरंग, मोठी घंटा सगळं आत. उद्या बँकेत जायच्या आधी त्यांच्याकडे जायला हवं. काकूंना फोन केला तर त्या म्हणाल्या, सव्वाआठ त्यांनाही बरं पडतं, मालिका संपते तोवर. फक्त हे काकांना सांगू नकोस.