ओढ्याची वही: ताडपत्रीवरचा डोंगर आणि खोडलेली रेघ

महिमानगडाच्या पूर्व उताराचा आमचा ओढा धरून हा तिसरा पावसाळा. या ओढ्यात कुठनं कुठनं पाणी येतं, त्याचा आम्ही काढतोय तो नकाशा बराच पुढं सरकला, पण त्यातली एक रेघ खोडावी लागली. त्याचं खाली सांगतो.

आधी ताडपत्रीचा प्रयोग, कारण तुमच्यापैकी जे पोरांना घेऊन ओढा फिरतात त्यांना तो उपयोगी पडेल. 'पाणलोट क्षेत्र' म्हटलं की पाचवी-सहावीची पोरं गप्प होतात. शब्द पाठ असतो, डोळ्यांपुढं काही येत नाही. म्हणून देवळापुढं विटा-दगड रचले, वर जुनी ताडपत्री टाकली आणि मधोमध उंच धार काढली. ही आपली डोंगररांग. पश्चिमेच्या उतारावर नीळ भुरभुरली, पूर्वेच्या उतारावर गुलाल, आणि धारेवर झारीनं पाऊस पाडला. निळं पाणी येरळेकडं गेलं, लाल माणगंगेकडं. एखाद्या ओढ्यात जिथनं जिथनं पाणी उतरतं, तेवढं सगळं शिवार त्याचा पाणलोट, हे एका झारीत कळलं.

मग दोन्ही ओघळ खालच्या कोपऱ्यात एकाच घमेल्यात सोडले. येरळा ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते. माणगंगा म्हसवडवरून सांगोल्याकडं जाऊन भीमेला मिळते, आणि भीमा पुढं कर्नाटकात, रायचूर जिल्ह्यात, कृष्णेला. घमेल्यातलं पाणी जांभळं झालं तशी एक पोरगी म्हणाली, "काका, म्हंजी हितं ताटातूट झालेलं थेंब तिकडं परत भेटत्यात?" भेटतात गं बाई. मलाही ते इतकं स्पष्ट आधी कधी दिसलं नव्हतं.

पाऊस मोजायच्या बाटलीबद्दल थोडक्यात. तोंडाकडचा भाग कापून उलटा बसवायचा. बुडाच्या खळग्यांमुळं मोजमाप चुकतं, म्हणून खाली खडी टाकून सरळ भाग सुरू होतो तिथवर पाणी भरायचं आणि तिथं शून्याची खूण करायची. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. १० मिलिमीटर पडला की एका एकरावर साधारण ४० हजार लिटर, म्हणजे १० हजारांचे चार टँकर. उन्हाळ्यात टँकरपुढं हंडे लावलेली ही पोरं. त्यांनी लगेच बांध, चर, विहीर मोजायला घेतली: यातला किती मुरला, किती वाहून गेला?

आता ती रेघ. ५० हजारी टोपोशीटवर (जमिनीचा उंचसखलपणा दाखवणारा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा) समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा, उंचीच्या २०-२० मीटरवर आहेत, त्यामुळं मधला बारीक चढ-उतार दिसत नाही. डांबरी रस्त्याच्या वरचा माळ मी आपल्याच ओढ्यात धरला होता. जोराची सर येऊन गेल्यावर एका पोरानं रस्त्याकडेच्या चारीत बाजरीची काडी सोडली. ती खाली आमच्या ओढ्याकडं वळलीच नाही. चारीतनं दोनेकशे पावलं आडवी पळाली आणि शेजारच्या ओढ्याच्या मोरीखाली शिरली. रस्ता झाला तेव्हाच माळाचं पाणी तिकडं वळलं होतं, आणि मी दोन पावसाळे कागदावर ते इकडं आणत होतो.

सगळा माळ गेला की वरचाच तुकडा, हे अजून ठरायचंय. पुढच्या रविवारी गवंड्याकडनं लेव्हल पाईप (पाणी भरलेली पारदर्शक नळी, दोन जागांची उंची ताडायला) आणून मोरीपासून धारेपर्यंत खुंट्या मारत जाणार आहोत. काडी सोडणारा पोरगा पाईपचं वरचं टोक धरणार, तसं त्यानं आधीच सांगून ठेवलंय.