अंथरुणातले तास कमी केले, तेव्हा झोप परत आली

पन्नाशी उलटल्यावर माझी झोप तुटू लागली, तेव्हा वय झाले की असेच व्हायचे, असे समजून मी तिकडे दुर्लक्ष केले. रात्री दहाला आडवे व्हायचे, दीड तास कूस बदलत राहायचे, तीनच्या सुमारास जाग आली की पुन्हा बराच वेळ डोळ्याला डोळा लागायचा नाही, आणि तरीही सात वाजेपर्यंत अंथरूण सोडायचे नाही, असा क्रम दोन वर्षे चालला. या काळात रक्तदाब वाढला, ओळखीची नावे ऐनवेळी आठवेनाशी झाली, आणि अखेर झोपेच्या गोळीची मात्रा वाढवून मागायला मी डॉक्टरांकडे गेले.

त्यांनी मात्रा वाढवली नाही. झोपेत श्वास अडकतो का, थायरॉइडचा काही दोष आहे का, हे आधी तपासले आणि मग माझा मूळ समज खोडून काढला. वयानुसार गाढ झोपेचा वाटा घटतो, झोप सावध होते आणि लवकर जाग येते, हे खरे. परंतु झोपेची गरज फारशी घटत नाही आणि पासष्टीनंतरही सात ते आठ तासांची झोप योग्य मानली जाते. निरोगी माणसाचा रक्तदाब रात्री झोपेत साधारण 10 ते 20 टक्क्यांनी उतरतो, आणि झोप वारंवार मोडली की हृदयाला व रक्तवाहिन्यांना मिळणारी ही उसंत तुटपुंजी ठरते. ब्रिटनमधल्या जवळपास 8,000 जणांचा 25 वर्षे मागोवा घेऊन 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पन्नाशी-साठीत सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांमध्ये पुढे स्मृतिभ्रंशाचे प्रमाण अधिक आढळले होते. कमी झोपेमुळेच तो होतो, असे त्यावरून सिद्ध होत नाही, हेही डॉक्टरांनी आवर्जून सांगितले. तरी माझी बेफिकिरी संपायला तेवढे पुरे झाले.

निद्रानाशासाठी गोळ्यांच्या आधी वापरावी अशी वर्तनोपचाराची पद्धत आहे, तिची सुरुवात दोन आठवड्यांच्या नोंदवहीने झाली. नऊ तास अंथरुणात आणि झोप जेमतेम साडेपाच तास, म्हणजे 61 टक्के, हे स्वतःच्या अक्षरात पाहिल्यावर मला धक्काच बसला. उपाय त्याहून अनपेक्षित होता: रात्री साडेबाराच्या आत आडवे व्हायचे नाही, सकाळी सहाला उठायचेच, दुपारी डुलकी घ्यायची नाही, आणि वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर अंथरूण सोडून दुसऱ्या खोलीत बसायचे.

पहिले दहा दिवस फार कठीण गेले. साडेअकरा वाजता ताठ पाठीच्या खुर्चीत बसून मी एकच ओळ तीन-तीनदा वाचत असे, पुस्तक हातातून निसटे, आणि पलीकडच्या खोलीतले अंथरूण डोळ्यांसमोरून हलत नसे. दिवसा गुंगी असल्यामुळे मी या काळात गाडी चालवली नाही. अपस्मार (फिट येण्याचा आजार) किंवा द्विध्रुवी विकार (अतिउत्साह आणि नैराश्य यांच्या लाटा येणारा मानसिक आजार) असलेल्यांना ही पद्धत धोक्याची ठरू शकते, म्हणून कोणीही ती मनाने सुरू करू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

अकराव्या रात्री पाठ टेकली आणि झोप लागली. मध्येच जाग आल्याची वहीत नोंदच नाही. चौथ्या आठवड्यात आकडा 87 टक्क्यांवर आला. 85 च्या वर सरासरी राहिली की झोपेची वेळ पंधरा मिनिटांनी अलीकडे आणायची, असा नियम होता, आणि ती पंधरा मिनिटे मिळाली की मला मनापासून आनंद होई. गोळी मात्र डॉक्टरांनी दीड महिन्यात हळूहळू उतरवली, कारण ती एकदम थांबवली तर निद्रानाश उसळून येतो.

आता मी अकराला झोपते, सहाला उठते आणि त्यातले सव्वासहा-साडेसहा तास खरोखर झोपेत जातात. तीन वाजता अजूनही कधी जाग येते. तेव्हा मी घड्याळाकडे न पाहता उठून खुर्चीत बसते आणि पापण्या जड झाल्या की परत येते.