तुम्ही विचारलंत म्हणून: मण्यांची वाकळ कशाला?

बाहेरच्या खोलीत भिंतीवर मी शिवलेली कास पठाराची वाकळ, म्हणजे जुन्या कापडांची गोधडी, लावली आहे. घरी येणारं माणूस ती बघतं, जवळ जातं आणि विचारतंच: एवढे मणी टाचलेत, मग ही पांघरायची कशी? आणि पांघरायचीच नव्हती, तर सरळ चित्रच का नाही काढलंत?

पांघरायची नाही, हे खरं. पण चित्राने माझं भागलं नसतं, कारण कासला फुलांइतकंच महत्त्व फुलांखालच्या थरांना आहे आणि थर दाखवायला मला वाकळीसारखं दुसरं काही माहीत नाही.

साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट चढून पंचवीसेक किलोमीटर गेलं की पठार लागतं. सगळ्यात खाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा कातळ आहे. त्याच्या माथ्यावर जांभा. पावसाने युगानुयुगं कातळातली विरघळणारी द्रव्यं धुऊन नेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, त्यातून हा तांबडा, भोकाभोकांचा दगड झाला. त्यावर माती कुठे चार बोटं, कुठे तेवढीही नाही. पावसाळ्यात तिच्यात पाणी तुंबतं आणि नत्र तर नावापुरतं. अशा जागी साडेआठशेहून जास्त जातींची फुलझाडं नांदतात. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाट जागतिक वारसा म्हणून जाहीर केला, त्यात कासही आहे.

म्हणून माझ्या वाकळीचं अस्तर काळं आहे. त्यावर विटकरी लुगड्याचे तुकडे, त्यावर हिरव्या-पोपटी सुताची ठिगळं. सगळं आजीच्या हातासारखं धावदोऱ्याने, कडेकडून आत शिवत आणलेलं. कापड जुनंच घेतलं. धुऊन धुऊन खळ गेलेल्या सुतात सुई अडत नाही, चार पदर असले तरी अलगद जाते. नव्या कापडात हात भरून येतो. मणी मात्र सगळा धावदोरा संपल्यावरच टाचायचे. आधी टाचले तर दोरा ओढताना कापड चुणतं आणि मणी तिरके बसतात.

मणी कुठे टाचायचे, याचा एक नियम मी धरला: जिथे वनस्पतीला स्वतःला काही काम असेल तिथेच. नुसती शोभा म्हणून एकही टिकली नाही.

दवबिंदू ही कासवरची कीटक खाणारी वनस्पती. तिच्या पानावर केसांसारखे लाल तंतू असतात आणि प्रत्येकाच्या टोकाशी चमकणारा थेंब. सकाळचं दव उन्हाने उडून जातं, हा थेंब भर उन्हातही टिकतो, कारण तो चिकट द्रव आहे. चिलट टेकलं की अडकतं, आजूबाजूचे तंतू त्याच्याकडे वळतात आणि मातीत न मिळणारं नत्र त्याच्यातून शोषलं जातं. थेंबासाठी मी आधी लाल मणी आणले होते, मग चंदेरी. दोन्हीत जीव नव्हता. शेवटी साताऱ्याच्या मोती चौकातून बिनरंगी काचेचे, अगदी बारीक मणी आणले आणि लाल दोऱ्यात ओवले. बिनरंगी मण्यातून दोरा दिसतो, तो आतून लालसर उजळतो. खऱ्या थेंबातही असंच होतं, आतल्या लाल ग्रंथीचा रंग बाहेर झिरपतो. हे जमलं त्या दिवशी मी शेजारच्या काकूंना हाक मारून दाखवलं.

सीतेची आसवं नावाच्या दुसऱ्या शिकारी वनस्पतीचं काम त्याहून अवघड. वर निळी-जांभळी फुलं दिसतात, शिकार चालते खाली, ओल्या मातीत. या झाडाला खरी मुळंच नसतात. जेमतेम मिलिमीटरभर फुगे असतात. फुगा आतलं पाणी बाहेर टाकून आत खेचलेला राहतो. दाराशी सूक्ष्म जीवाचा धक्का लागला की दार उघडतं, भिंती बाहेर उसळतात आणि पाण्यासकट तो जीव आत ओढला जातो. डोळ्याची पापणी लवायला लागतो त्याच्या कितीतरी आत हा खेळ संपतो. फुगे मी वरून टाचलेच नाहीत. विटकरी कापडावर मणी बसवले आणि वर ऑर्गंझा या तलम कापडाचा पदर घेतला. लांबून काही दिसत नाही. बोट फिरवलं की लागतात.

गेंद या कासवरच्या फुलाचे पांढरे गोळे म्हणजे दाट गाठी, बाकी काही नाही. तिथे मणी नकोत. गेंद चमकत नाही.

आता बोट फिरवण्याबद्दल. कासवर फुलाला हात लावायचा नाही, तोडायचं तर नाहीच. तरी सुटीच्या दिवशी माणसं फोटोसाठी फुलांत जाऊन बसतात आणि चार बोटं माती पायाखाली दडपली जाते. आसवांचे फुगे तिथेच असतात, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. मला ते पोटतिडकीने सांगावंसं वाटतं, आणि बोटाला लागलं की माणसाला सांगावं लागत नाही.

तेव्हा या, हात लावा. मुलांनाही लावू द्या. दोरा मेण ओढून दुहेरी घेतलाय, चार-पाच मण्यांमागे एक गाठ आहे. एखादा तुटलाच तर ओळ ओघळत नाही, तेवढाच परत टाचता येतो.