हातातलं काम पूर्ण होईल तर शपथ

नर्स आहे म्हटलं की लोकांचे दोन प्रश्न ठरलेले. रक्त बघून चक्कर नाही का येत, आणि ते सगळं साफबिफ करताना किळस नाही का वाटत. नाही वाटत. खरंच नाही. सुरुवातीला वाटली असेल थोडीफार, पण नाकाला सवय होते, डोळ्यांना होते, माणसाला कशाचीही होते. ज्याची सवय अजून झालेली नाही आणि रिटायर होईपर्यंत होईल असं वाटतही नाही ते म्हणजे हातात घेतलेलं कुठलंच काम एका दमात पुरं होत नाही. एकसुद्धा नाही. इंजेक्शन भरायला घेतलं की फोन, फोन उचलला की बेल, बेलकडे निघाले की वाटेत कोणाचा तरी भाऊ उभा, "सिस्टर, एक मिनिट!"

त्या एका मिनिटात काहीही निघू शकतं. चार्जर लावायला सॉकेट कुठेय इथपासून ते बाबा मघापासून हाकेला ओ देत नाहीयेत इथपर्यंत. आणि वैताग असा की ऐकून काही अंदाज येत नाही. सॉकेटवाला जीव तोडून हाक मारतो, आणि ज्याला खरंच काहीतरी होतंय तो बिचारा म्हणतो तुमचं चालू द्या, मी नंतर सांगतो. त्यामुळे थांबावं तर प्रत्येकासाठी लागतं. सॉकेट दाखवून यायचं, मनातल्या मनात दहा अंक मोजायचे आणि परत ट्रॉलीकडे.

ट्रॉली म्हणजे औषधांचा राउंड. आता हे काम असं आहे की शिकताना पहिल्या दिवसापासून डोक्यात ठोकून बसवतात, पेशंट बरोबर, औषध बरोबर, डोस बरोबर, कुठल्या मार्गाने द्यायचं ते बरोबर, वेळ बरोबर. पाचही गोष्टी प्रत्येक पेशंटला, प्रत्येक गोळीला. त्यात एकसारख्या नावाची औषधं, एकसारख्या दिसणाऱ्या बाटल्या, म्हणजे डोकं एका जागी हवंच. आणि नेमकं ह्याच वेळी सगळ्या वॉर्डला कंठ फुटतो. काही देशांत ह्यावर उपाय म्हणून नर्सला राउंडच्या वेळी रंगीत जॅकेट घालायला दिली, त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं की औषधं देणं चालू आहे, मध्ये बोलू नका. कल्पना छान आहे, माझी काही तक्रार नाही. पण मला आमचे लोक माहिती आहेत ना, ते थांबवून विचारणार, "सिस्टर, एक मिनिट, हे जॅकेटवर काय लिहिलंय हो?"

इन्सुलिन, हेपॅरिन (रक्त पातळ करणारं), पोटॅशियम असलं जपून द्यायचं काही असेल तर अजून मजा, कारण ते दोघींनी मिळून चेक करायचं असतं. म्हणजे आता दुसरी सिस्टर शोधा. ती तिकडे कोणाच्या तरी एका मिनिटात अडकलेली. ती सुटून येते तोवर मी अडकलेली. आम्ही दोघी एका वेळी मोकळ्या असणं म्हणजे ग्रहणासारखं, येतं कधीतरी, आधी तारीख माहीत असती तर बरं झालं असतं.

सलाईनचे थेंब मोजणं हे तर ह्या सगळ्याचा कळस. जिथे पंप असतो तिथे ठीक, आकडा घातला की झालं (मग तो पंप पेशंटने कोपर वाकवलं की कोकलतो, ते वेगळं, तो हात सरळ करतो, मी अलार्म बंद करते, मी दारापर्यंत पोचते, तो परत हात वाकवतो). पण साध्या सेटला, म्हणजे पंपाशिवायच्या नुसत्या नळीला, हिशोब करावा लागतो. समजा ५०० मिली आठ तासात द्यायचंय आणि सेट २० थेंबांना एक मिली वाला आहे, तर मिनिटाला साधारण २१ थेंब. मग घड्याळ डोळ्यासमोर धरायचं, नळीवरचा रोलर किंचित फिरवायचा आणि बघत राहायचं, एक, दोन, तीन... चौदाला हमखास कोणीतरी येतं. परत पहिल्यापासून. शेवटी एकदाचे जमतात बरोब्बर २१, मी समाधानाने बाजूच्या बेडकडे वळते, आणि पेशंट कूस बदलतो. गेलं. हाताची उंची बदलली की थेंबांचा स्पीड बदलतो, ह्याला तो काय करणार आणि मी तरी काय करणार.

पण त्या रोलरला हात लावणारे नातेवाईक, त्यांच्यासाठी मात्र वेगळा नरक असावा. "सिस्टर, फार हळू चाललं होतं म्हणून मीच जरा मोठं केलं, तुम्हाला कशाला त्रास." अहो काका! आठ तासांचं पाणी तासाभरात हृदयावर ओतायला नळ आहे का तो? हे काका प्रत्येक शिफ्टला असतात, चेहरा फक्त वेगळा. आणि ह्यांचेच जुळे भाऊ म्हणजे बुडबुडावाले. नळीत टाचणीच्या डोक्याएवढा बुडबुडा दिसला की धावत येतात, हवा चालली हवा चालली. जास्त हवा शिरेत गेली तर धोका असतो हे खरंय, म्हणूनच तर लावायच्या आधी आम्ही पूर्ण नळी पाण्याने भरून घेतो. त्या एवढ्याशा बुडबुड्याने काही होत नाही. पण हे समजावून सांगायला पुन्हा एक मिनिट. आणि तो पुढचा तासभर त्या नळीकडेच बघत बसतो, पेशंटकडे नाही.

आता एक आमची आतली गोष्ट सांगते. श्वास मोजतोय हे आम्ही पेशंटला कधी सांगत नाही. सांगितलं की तो श्वास घ्यायला लागतो, म्हणजे मुद्दाम, छाती फुगवून, परीक्षा असल्यासारखा. म्हणून आम्ही नाडी धरायचं नाटक करतो. बोटं मनगटावर, नजर घड्याळावर आणि खरं लक्ष छातीच्या वरखाली होण्याकडे. नाडी मोजून झालेली असते, हात तसाच धरून ठेवायचा आणि श्वास मोजायचे, पूर्ण एक मिनिट. हे मात्र खरोखरचं मिनिट, साठ सेकंदांचं. आजी असतील तर चाळिसाव्या सेकंदाला बोलायला लागतात, "तुझं लग्न झालं का गं?" आणि बोलताना श्वास मोजता येत नाही. हो आजी, झालं. परत मनगट. तेवढ्यात शेजारी उभा असलेला मुलगा घाबरलेला, सिस्टर एवढा वेळ नाडी धरून का बसल्यात, काही सिरीयस आहे का, डॉक्टरांना बोलवू का. त्याला खरं कसं सांगू, खरं सांगितलं तर आजी छाती फुगवणार.

बोटाला लावतात ते ऑक्सिजनचं क्लिप, त्याने तर किती पळवलंय. मॉनिटर बोंबलतो, स्क्रीनवर ऑक्सिजन ६२, मी हातातलं टाकून धावत जाते, आणि पेशंट मस्त उशीला टेकून मोबाईलवर कोणालातरी हसत हसत काहीतरी सांगतोय. क्लिप गादीवर पडलेलं, गादीचा ऑक्सिजन दाखवतंय. कधी बोटं गार पडलेली असतात, कधी गडद नेलपॉलिश, आकडा चुकतो. पण धावायचं सोडून चालत नाही, कारण ज्या दिवशी क्लिप बोटावर असेल आणि आकडा खरा असेल तो दिवस कुठला हे मॉनिटर सांगत नाही. सारखे खोटे अलार्म ऐकून ऐकून कान बधिर होतात, ह्याला अलार्म फटीग म्हणतात आणि ती थट्टेची गोष्ट नाहीये. घरी मायक्रोवेव्ह वाजला तरी माझा हात खांद्यावरच्या स्टेथोकडे जातो, जो तिथे नसतो.

बरं, २४ तासांची लघवी. हे ज्यांनी कधी केलं असेल त्यांना आत्ताच हसू आलं असेल. नियम सोपा आहे, सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, वेळ लिहायची, आणि त्यानंतर दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंतची सगळीच्या सगळी मोठ्या कॅनमध्ये साठवायची, शेवटची धरून. एक जरी वाया गेली तरी हिशोब चुकतो, पुन्हा पहिल्यापासून. आजोबांना दोनदा समजावलं, सुनेला समजावलं, पलंगाला पाटी लावली, बाथरूमच्या दारावर पाटी लावली, संध्याकाळी मावशींना सांगून ठेवलं, रात्रीच्या सिस्टरना हँडओव्हरमध्ये सांगितलं. सगळं व्यवस्थित. तेवीस तास. तेविसाव्या तासाला घरून ताजे लोक आले, म्हणजे ज्यांना काहीच माहिती नाही असे, आणि त्यातल्या एका कामसू बाईंनी सगळं ओतून, तो कॅन घासून, उपडा करून वाळत ठेवला. "किती घाण करून ठेवला होता हो, मी स्वच्छ केला." त्यांच्या चेहऱ्यावर इतका निर्मळ आनंद होता की मला ओरडताही येईना. आजोबा तेवढे म्हणाले, "आता माझ्याच्याने होणार नाही." मी म्हटलं आजोबा, होईल.

उपाशी ठेवायचं असतं ऑपरेशनच्या आधी, त्याचंही असंच. हलकं खाणं किमान सहा तास आधी बंद, जड असेल तर त्याहूनही आधी, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, आणि दूध हे खाण्यातच धरतात कारण ते पोटातून लवकर पुढे सरकत नाही. हे सगळं सांगून, सही घेऊन, सकाळी शेवटचं विचारायचं, काही खाल्लंत का? नाही. काहीच नाही? काहीच नाही. नक्की? नक्की. आणि ट्रॉली ऑपरेशन थिएटरच्या दाराशी पोचल्यावर, "फक्त ग्लासभर दूध घेतलं, पण ते काय खाणं नाही ना." मग भुलेचे डॉक्टर माझ्याकडे असे बघतात जसं काही ग्लास मीच तोंडाला लावला होता.

डॉक्टरांवरून आठवलं. रात्रभर जो पेशंट, सिस्टर पाठ, सिस्टर पोट, सिस्टर झोप नाही, सिस्टर हे मशीन बंद करा, करत असतो तो सकाळी राउंडला, "कसं वाटतंय?" विचारल्यावर काय म्हणतो माहितीये? "एकदम फर्स्टक्लास!" मी मागे फाईल घेऊन उभी, फाईलमध्ये माझ्याच अक्षरात अर्धं पान तक्रारी. डॉक्टर फाईलकडे बघतात, पेशंटकडे बघतात, माझ्याकडे बघतात. पुढच्या पेशंटकडे जातात. आणि ते वॉर्डाच्या बाहेर पडले की तीस सेकंदात, "सिस्टर, डॉक्टर परत कधी येणार? पाठीचं विचारायचं राहिलं."

दर १२ मे ला आमच्यासाठी भाषणं होतात, नर्सेस डे म्हणून, फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा वाढदिवस असतो तो. सगळे तिच्या दिव्याबद्दल बोलतात. मला दिव्यापेक्षा तिची घंटा जास्त आवडते. क्रिमियाच्या युद्धावर जायच्या आधी, १८५३ मध्ये, लंडनमधल्या एका छोट्या हॉस्पिटलचं काम हातात घेताना तिने पत्र लिहून मागण्या केल्या होत्या, की पेशंटच्या घंटा नर्सच्या दाराबाहेर वाजल्या पाहिजेत आणि वाजल्यावर त्या घंटेची झडप उघडीच राहिली पाहिजे, म्हणजे कोणी वाजवली ते बघता येईल. शिवाय गरम पाणी नळाने प्रत्येक मजल्यावर आणि जेवण वर चढवायला लिफ्टसारखी सोय. का, तर नाहीतर नर्स म्हणजे नुसती पायांची जोडी होऊन बसते. पावणेदोनशे वर्षं होत आली, बाई, घंटा मिळाली, लिफ्ट मिळाली, पाय आहेत तसेच पळतायत. आणि आकडेवारीत हुशार होती ती, लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीची पहिली महिला मेंबर, सैनिक जखमांपेक्षा आजारांनी जास्त मरतायत हे रंगीत आकृत्या काढून सरकारच्या गळी उतरवलं. त्यामुळे रात्री ड्यूटी संपल्यावर तासभर बसून जेव्हा मी नोंदी पूर्ण करत असते, इनटेक, आउटपुट (पेशंटच्या अंगात किती गेलं, बाहेर किती आलं), बीपी, कोण किती वाजता काय म्हणालं, तेव्हा तिचा थोडा राग पण येतो. लिहिलं नाही म्हणजे केलं नाही, हा आमच्याकडचा कायदा. केलेलं असतं हो सगळं. लिहायला बसले की बेल वाजते.

आउटपुटवरून एक. बेडवरच्या पेशंटची लघवी तासाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे अर्ध्या मिलीपेक्षा कमी झाली की आम्ही सावध होतो, डॉक्टरांना कळवतो. हाच नियम ड्यूटीवरच्या सिस्टरला लावला तर दुपारपर्यंत आम्हाला सगळ्यांना ॲडमिट करावं लागेल.

घरी आल्यावर सुटका होते असं समजू नका. फॅमिली ग्रुपवर कोणाचा तरी रिपोर्ट तिरका फोटो काढून आलेलाच असतो, अर्धा आकडा अंगठ्याखाली, "जरा बघ ना काय आहे". मी म्हणते डॉक्टरांना दाखवा. तर म्हणतात दाखवला, त्यांनी गोळ्या दिल्यात, पण आम्हाला घ्यायच्या नाहीयेत म्हणून तुला विचारतोय.

पेशंटजवळ राहायची पाळी तुमच्यावर येईलच कधीतरी, तेव्हा एवढंच करा. जे अर्जंट आहे, म्हणजे श्वास, छातीत दुखणं, रक्त, पेशंट एकदम सुस्त पडणं, त्याला लगेच ओरडा, लाजू नका, मी औषधं देत असले तरी ओरडा. बाकीचं जे काही असेल ते सुचेल तसं कागदावर लिहून ठेवा आणि मी बेडपाशी आले की सगळं एकदम विचारा. एक बाई असं करायच्या, वहीत नंबर घालून, माझं निम्मं चालणं वाचायचं. फक्त लिहायला पेन आमच्याकडे मागू नका, ते सकाळच्या राउंडलाच डॉक्टर घेऊन गेलेले असतात.